दोन वह्या

दिवाळीच्या सुट्टीआधी पहिल्या सत्राची प्रगतिपत्रकं लिहायची वेळ आली, की माझ्याकडे येणाऱ्या प्राथमिक शिक्षिका वाढतात. कोल्हापुरात इतकी वर्षं समुपदेशन करताना मी एकच काळजी नाना तोंडांनी ऐकली आहे : ‘मूल मागे पडलंय हे पालकांना सांगायचं कसं? सांगितलं तर पोराला मार बसतो, नाही सांगितलं तर आपल्याला झोप लागत नाही.’ अशाच एका बाईंची ही गोष्ट. त्यांनी होकार दिलाय, ओळखीच्या खुणा मी बदलल्यात.

तिसरीचा वर्ग, नोकरीला चौदा वर्षं. खुर्चीवर टेकताच म्हणाल्या, “मी खोटारडी शिक्षिका आहे.”

झालं होतं असं. वर्गातल्या एका मुलाचे वडील फौंड्रीत कामाला. रविवारी पोराला घेऊन स्टँडवर गेले. गाडीवर ‘पन्हाळा’ची पाटी होती. पोरगं मोठ्यानं म्हणालं, “पाळणा.” आजूबाजूची माणसं हसली. दुसऱ्या दिवशी वडील शाळेत आले. भांडले नाहीत. दुसरीचं प्रगतिपत्रक टेबलावर ठेवून त्यांनी बोट ठेवलं : ‘वाचनात समाधानकारक प्रगती.’ हे दुसरीतही याच बाईंनी लिहिलेलं.

“बाई, आमच्यात कास्टिंगला भोक हाय हे आदीच कळलं तर परत वितळवून ओतता येतंय. मशिनिंग झाल्यावर कळलं तर समदी मेहनत वाया. तुमी आदी का सांगितलं न्हाई?”

या प्रश्नाला बाईंकडे उत्तर नव्हतं.

कर्तव्य त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २४ त्यांनी मला तोंडपाठ म्हणून दाखवलं : शिक्षकानं पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात, मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि झालेली प्रगती त्यांना सांगावी. (शाहू महाराजांनी १९१७ साली याच करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. तेव्हा पालक बांधला गेला, २००९ च्या कायद्यानं शिक्षकही बांधला गेला. मला हा बदल फार मोलाचा वाटतो.) पण नियम पाठ असून हात अडतो, तेव्हा नियम पुन्हा सांगून उपयोग नसतो. हात कशाला भितो, ते शोधावं लागतं. माझ्या कामाची सगळी भिस्त त्यावरच आहे.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, “खरं सांगितलं की काय होतं, बाई?”

त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी निघाली. पालकसभेत, सगळ्यांदेखत, बाईंनी तिच्या वडिलांना सांगितलं होतं, ‘तुमची मुलगी अजिबात लक्ष देत नाही.’ वडिलांनी व्हरांड्यातच तिच्या पाठीत धपाटे घातले. “आणि मी नुसता बघत राहिलो, मॅडम.”

आमच्याकडे बायका घरात ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. बाई तीन भेटी माझ्याशी पुस्तकी भाषेत बोलत होत्या. तो ‘राहिलो’ ऐकला आणि मी पेन खाली ठेवलं. आता त्या शाळेतल्या बाई म्हणून बोलत नव्हत्या.

मी एवढंच म्हणाले, “त्या दिवशी तुम्ही वडिलांना खरं सांगितलंत?”

“म्हणजे?”

“ती मुलगी काय वाचू शकते, कुठे अडते, हे सांगितलंत?”

त्यांनी मान हलवली. “नाही. तक्रार केली.”

बारा वर्षं त्या समजत होत्या की खरं बोलल्यानं मुलीला मार बसला. मार बसला होता तक्रारीमुळे. घरी तक्रार गेली की बहुतेक आईबाप शिक्षा शोधतात, कारण तक्रारीवर त्यांना दुसरं काही करता येत नाही. हे मला फार पूर्वी उमगलं आणि तेव्हापासून शिक्षकांशी बोलताना मी याच धाग्याला धरून असते.

पुढच्या भेटीला मी त्यांना नोंदवही आणायला सांगितली. आकारिक मूल्यमापनासाठी, म्हणजे मूल शिकत असतानाच त्याची प्रगती टिपण्यासाठी, त्या रोज लिहितात ती, आणि सोबत प्रगतिपत्रकाची प्रत. त्याच मुलाचं पान उघडून मोठ्यानं वाचायला लावलं. वहीत त्यांच्याच अक्षरात होतं : ‘काना-मात्रेचे शब्द बरोबर वाचतो. जोडाक्षर आलं की पहिलं अक्षर बघून अंदाजानं शब्द बोलतो. ऐकलेली गोष्ट क्रम न चुकवता सांगतो, मध्ये स्वतःची भर घालतो. अडलं की शेजाऱ्याच्या पुस्तकात बघतो, मला विचारत नाही.’

मग प्रगतिपत्रक : ‘समाधानकारक प्रगती.’

“या दोन्हीत पोराबद्दल माया कुठे जास्त दिसते?”

बाईंनी वहीवर तळहात ठेवला आणि रडू लागल्या. मी रडू दिलं. आपण मायेपोटी खोटं लिहितो, असं धरून त्या आल्या होत्या आणि माया तर खऱ्या नोंदीत वर्षभर पडून होती, घरी कुणाला न दिसता. मी त्यांना यातलं काही शिकवलं नाही. त्यांचंच लिहिलेलं त्यांना ऐकवलं, इतकंच. अशा घटकेसाठीच मी हे काम करते.

ज्या शिक्षिका हे वाचत असतील त्यांना कळकळीनं सांगते : प्रगतिपत्रकाची वाट बघू नका. ऑगस्टमध्ये दिसलेली अडचण ऑगस्टमध्येच सांगा, आणि पालकाला एकट्याला बोलावून. मुलाला काय येतं ते आधी, नेमकं. ‘हुशार आहे’ असं मोघम नको. मग त्याची वही समोर ठेवून कुठे अडतं ते दाखवा. ‘आळशी’, ‘लक्ष नाही’ हे शब्द बोलूच नका, आणि आजाराचं नावही आपल्या मनानं लावू नका. तशी शंका वाटली तर तज्ज्ञाकडे पाठवा. वर्गात मी काय करणार आणि घरी तुम्ही रोजची दहा मिनिटं काय करायचं, हे त्याच बैठकीत ठरवा. पुढच्या भेटीची तारीख घ्या. आणि जिथे मार बसेल अशी भीती आहे, तिथे तोंडानं सांगा : ‘मी हे तुम्ही त्याला मारावं म्हणून सांगत नाही.’ हे वाक्य बोलायला जड जातं, पण बोलाच.

बाईंनी त्या वडिलांना पुन्हा बोलावलं, वही दाखवली, दुसरीत लिहिलं ते चुकलं असं स्पष्ट सांगितलं. वडिलांनी वही दोनदा वाचली. गोष्टीत भर घालतो त्या ओळीवर थांबून म्हणाले, “हे आज्यावर गेलंय.” मग विचारलं, “बाकीच्या पोरांचंबी असंच लिवून देणार न्हवं?”

पुढच्या शनिवारी बाई भेटीला आल्या नाहीत. मी फोन केला.

“मॅडम, आज नको,” त्या म्हणाल्या. “अजून एकोणीस पोरांचं लिहायचं राहिलंय.”