बाकावर बसवता येतं का, तेवढं बघ

अगं,

तुझा रात्री दोनला पाठवलेला लांबलचक मेसेज सकाळी वाचला, दोनदा वाचला, चहा गार झाला. "काका, आमच्या इंडियाना विद्यापीठाच्या ज्या बास्केटबॉल टीमसाठी मी घसा बसवते त्यातलं कोणीच माझ्या ओळखीचं नाही, खेळाडूंची यादी पाठ होईपर्यंत पोरं दुसऱ्या कॉलेजात, आणि आपल्या जर्सीवर तर मागे नावंही नसतात." शेवटच्या वाक्याला हसलो. पण बाकी खरंच आहे. २०२५ मध्ये नवे कोच डॅरियन डीव्रीज तुमच्या ब्लूमिंग्टनला आले आणि टीम जवळजवळ नव्याने उभी केली, त्यांचा मुलगासुद्धा आधी ड्रेक, मग वेस्ट व्हर्जिनिया, मग इंडियाना असा बापाच्या मागोमाग आलेला.

निष्ठा हा शब्द तू चार वेळा लिहिलायस. तो आधी बाजूला ठेव. वीस वर्षांच्या पोराकडून निष्ठा मागायची आणि कोच जास्त पगार मिळाला की निघून गेला तर त्याला करिअर म्हणायचं, हे मला कधी पटलं नाही. पोरगं कुठून आलं ते विचारूच नकोस. कोचला त्याला बाकावर बसवता येतं का, ते विचार. बास. तुझ्या सगळ्या शंकांच्या मुळाशी हेच आहे, तुला ते दिसत नाहीये इतकंच.

ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलायचंय अशा खेळाडूंची नोंदयादी, आलं २०१८ ला. तेव्हा कॉलेज बदललं की साधारणपणे एक वर्ष न खेळता काढावं लागायचं, म्हणजे उडी मारायच्या आधी पोरगं दहादा विचार करायचं. २०२१ ला पहिल्या उडीसाठी ते वर्ष माफ झालं, त्याच जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवता यायला लागले, २०२४ ला कितीही वेळा जा असं झालं, आणि २०२५ च्या जुलैपासून कॉलेजच थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी सगळ्या खेळांना मिळून जवळपास दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. आता एवढं मोजून आणलेलं पोरगं प्रॅक्टिसला उशिरा आलं तर कोच काय करणार? बसवलं तर सीझन संपतो न संपतो तोच ते पोर्टलमध्ये. नाही बसवलं तर उरलेली पोरं बघतायतच की. पूर्वी कोचच्या हातात एकच हत्यार होतं, मिनिटं. ते बोथट झालंय. तुला जी बेशिस्त वाटते ना, ती हीच.

म्हणून जुने दिवस बरे, असं मी म्हणणार असं वाटलं असेल तर थांब.

मी तिथे एमएसला होतो १९९५ ते ९७, तेव्हाचा बास्केटबॉल कोच बॉब नाइटच्या काळात. आमच्यासाठी तो देवच. १९८५ ला त्याने इलिनॉयविरुद्ध स्टार खेळाडू अल्फर्डसकट सुरुवातीला उतरणाऱ्या पाचातले चार जण बसवले आणि मॅच घालवली, ही गोष्ट आम्ही नव्या पोरांना आरतीसारखी ऐकवायचो. त्याच अल्फर्डने ८७ ला राष्ट्रीय विजेतेपदाचा बॅनर आणला, बघा शिस्त म्हणजे काय! मग ९७ ला नील रीड नावाचा खेळाडू टीम सोडून गेला. आमच्या अपार्टमेंटमध्ये चौघेजण मॅगी खात काय म्हणालो माहितीये? "कच्चा निघाला." मीच म्हणालो. २००० मध्ये प्रॅक्टिसची टेप टीव्हीवर आली, नाइटचा हात त्या पोराच्या गळ्यावर. आणि तो पोरगा सदर्न मिसिसिपीला जाऊन वर्षभर नुसता बसला होता, कारण नियम तसा होता. शिक्षा कोणाला झाली? नाइटला बाकावर बसवणारं कोणी नव्हतं, म्हणून ते तसं चाललं. त्या सप्टेंबरला काढलं त्याला, पण फार उशिरा. त्यामुळे पोर्टलला सरसकट शिव्या मी ऐकून घेणार नाही, तुझ्याकडूनही नाही. पण प्रश्न तोच राहतो. बसवता येतं का? खेळाडूला, आणि कोचलाही.

परत आल्यावर मी इथल्या एका कॉलेजच्या टीमला तीन वर्षं शिकवलं. इंटर-कॉलेजच्या आधी मॅनेजमेंटने स्पोर्ट्स कोट्यातून एक सहा फूट तीन इंचाचा मुलगा दुसरीकडून उचलून आणला. प्रॅक्टिस सहाला, हा येणार पावणेसातला, केस ओले, हातात वडापाव. आणि आमचा ठेंगणा गार्ड साडेपाचला येऊन कोर्टवरचं पावसाचं पाणी गोणपाटाने पुसायचा, कोणी सांगितलं नव्हतं. सेमीफायनलला मी उंचाला खेळवलं आणि ठेंगण्याला बसवलं. जिंकलो. ठेंगणा दुसऱ्या दिवशी आला नाही, नंतर कधीच आला नाही.

पुढच्या वर्षी उंच पुन्हा उशिरा, यावेळी बसवला. फायनल तीन पॉइंटने गेली आणि मला नारळ मिळाला. लोक अजून म्हणतात हट्टीपणा केला. अरे, शेवटच्या चार मिनिटांत आमचे दोन जण फाउलवर बाहेर गेले होते, तो असता तरी काय दिवे लावले असते? आणि असता तर असता! बसवलं ते बरोबरच केलं. चूक आदल्या वर्षीची होती. असो, हे तुला का सांगत बसलो.

तुमच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याचं, पर्ड्यूचं नाव घेतो, चिडू नकोस. २०२३ ला राष्ट्रीय स्पर्धेत सोळाव्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सीडच्या फेअरली डिकिन्सनकडून हरले, अख्ख्या देशाने टिंगल केली. त्यांचा कोच मॅट पेंटरने टीम मोडली नाही. झॅक ईडी, स्मिथ, लॉयर तेच, फक्त लान्स जोन्स सदर्न इलिनॉयहून आणला, आणि २०२४ ला थेट फायनल. दुसरीकडे तुमच्याच गावातला अमेरिकन फुटबॉलचा कोच सिग्नेटी, २०२४ च्या सीझनसाठी येताना आपल्या आधीच्या कॉलेजातली, जेम्स मॅडिसनमधली तेरा पोरं सोबत घेऊन आला आणि पहिल्याच सीझनला अकरा मॅच जिंकला. एकाकडे ट्रान्स्फर जेमतेम, दुसऱ्याकडे ढीगभर. पण त्या तेरा जणांना तो आधीपासून ओळखत होता, कोणाला रागावलं तर कोण रुसून बसेल हे त्याला ठाऊक असणार. कळतंय का मी काय म्हणतोय ते?

तिकीट रद्द करू नकोस. पुढच्या मॅचला बॉलच्या मागे डोळे फिरवू नकोस, टाइमआउटमध्ये बाकाकडे बघ. स्टारला बाहेर काढल्यावर तो टॉवेल कसा घेतो, शेजारच्याशी बोलतो की फोन शोधतो, कोच त्याच्याकडे बघायला घाबरतो का. मग मला लिही, आणि रात्री दोनला नको.

तो उंच मुलगा अजून दर दिवाळीला मेसेज पाठवतो, "सर, तुम्ही बसवलं होतं ना." ठेंगणा मागच्या वर्षी बँकेच्या काउंटरवर दिसला. पासबुक भरून दिलं, मान वर केली नाही.

तुझा काका