पहिल्या खर्ड्यानंतर

प्रश्न : कथेचा पहिला खर्डा इतका फिका वाटतो की पुढे हात लावावासा वाटत नाही. काय करावे?

उत्तर : पहिला खर्डा फिका असतोच, खरे घडणे पुढेच होते. चित्रकार पाब्लो पिकासो यांनी १९३७ मध्ये ‘गेर्निका’ हे युद्धविरोधी चित्र रंगवले, तेव्हा छायाचित्रकार डोरा मार यांनी चित्राच्या एकेका टप्प्यावर टिपलेल्या छायाचित्रांत कोसळलेल्या योद्ध्याची उगारलेली मूठ आधी ठळक दिसते आणि पुढे ती पार नाहीशी होते. इतकी प्रभावी प्रतिमा पुसायला मोठे धैर्य लागते, असे मला मनापासून वाटते. तुम्ही खर्डा काही आठवडे बाजूला ठेवा, मग मोठ्याने वाचा आणि जीभ अडखळेल तिथे खूण करा. दुरुस्ती संवादांपासून सुरू केलेली बरी, कारण पात्राचे बोलणे कृत्रिम असेल तर ते कानाला लगेच खटकते.