ऐन भरातला अँडरसन सिल्वा आणि खमझात चिमाएव मिडलवेटमध्ये भिडले तर कोण जिंकेल?

चिमाएव. पाच राउंड, गुणांवर. (नवख्यांसाठी: दोघेही यूएफसीचे, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालतं त्या एमएमए लढती भरवणाऱ्या कंपनीचे. सिल्वा जुन्या काळातला चॅम्पियन, चिमाएव अलीकडचा. मिडलवेट म्हणजे 84 किलोचा गट.)

इथेच थांबलो असतो. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की सिल्वाला पाडणारे पैलवान त्याच्या काळातही होते, तरी तो जिंकतच राहिला, मग चिमाएव असं वेगळं काय करणार? नेमक्या याच वाक्यावरून माझं आणि माझ्या मेव्हण्याचं ऑगस्ट 2025 पासून वाजलेलं आहे. त्यामुळे उत्तर लांबणार.

मी चार वर्षं किकबॉक्सिंग केलं. स्पर्धेत दोनदा उतरलो, एकदा जिंकलो. वजन 86 किलो. मेव्हणा कॉलेजात मॅटवरची कुस्ती खेळायचा, तो 74 किलोचा. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मला दाजी म्हणतो आणि अहो-जाहो करूनच अपमान करतो.

यूएफसी 319 मध्ये ड्रिकस डु प्लेसीचा पट्टा पणाला लागला होता आणि समोर चिमाएव होता. लढतीच्या चार दिवस आधी मी मेव्हण्याला भलामोठा मेसेज लिहून पाठवला. त्यातला मुद्दा एकच, दम. चिमाएव पहिला राउंड वादळासारखा खेळतो आणि मग त्याचा भाता रिकामा होतो, असं माझं ठाम म्हणणं होतं. पुरावेही होते. 2022 मध्ये गिल्बर्ट बर्न्सने त्याला तीन राउंड झुंजवलं. 2023 मध्ये कमारू उस्मान ऐनवेळी बदली म्हणून आला, तोही एक वजनगट खालून. पहिला राउंड चिमाएवने खाऊन टाकला, पण पुढच्या दोन राउंडांत उस्मान वर आला आणि निकाल कसाबसा बहुमताने लागला. उलट डु प्लेसी पाच-पाच राउंड खेळलेला, दिसायला बेढब, पण न थकणारा. मी लिहिलं, ‘तिसऱ्या राउंडपासून चिमाएव संपतो. चौथ्यात डु प्लेसी त्याला उभ्याने मारून काढेल.’ मेव्हण्याने अंगठ्याचा इमोजी पाठवला, बाकी काही नाही.

पुढचं तुम्ही पाहिलंच असेल. घंटा झाली आणि चिमाएवने लगेच पट काढला, म्हणजे पाय धरून पाडलं. मग तेच परत परत. 25 मिनिटांपैकी 21 मिनिटांहून जास्त वेळ ताबा त्याच्याकडे. तिन्ही पंचांचे गुण 50-44, म्हणजे पाचही राउंड त्याचे आणि त्यातला एक अगदी एकतर्फी, 10-8 (एरवी 10-9). प्रेक्षक कंटाळून ओरडत होते. चौथा राउंड चालू असताना माझ्या फोनवर मेसेज आला, ‘दाजी, तिसरा राउंड लागला की सांगा.’

हरलेला माणूस जे करतो तेच मी केलं, नियमांवर घसरलो. म्हटलं, ही काय फाइट आहे? हे तर अंगावर झोपणं झालं. नुसत्या ताब्याला गुण द्यायचेच नसतात, आधी परिणामकारक मारा आणि परिणामकारक ग्रॅपलिंग (धरपकड) बघायचं असतं, ताब्याचा नंबर शेवटी. (हे खरं आहे. नियम तसाच आहे.) आणि हेही म्हटलं की पहिल्या राउंडात डु प्लेसीचे हात अडकवून ठेवले आणि टकाटक मारलं, ते फटके लहान मुलानेही सहन केले असते. चॅम्पियन माणसाला त्यातून सुटता येऊ नये?

मेव्हणा म्हणाला, ‘तुम्ही सुटून दाखवा.’

रविवारी जिममध्ये मॅट रिकामी होती. बायको फोनवर वेळ लावून बाकावर बसली, नवऱ्याची बाजू घ्यायची की भावाची हे तिने ठरवलेलं नव्हतं. अट अशी की फटके नाहीत, त्याने पाडायचं, मी उठायचं, पाच मिनिटं. मी त्याच्याहून बारा किलोंनी जड. मनात म्हटलं, ढकलून देईन.

पहिला पट मी अडवला. तो अजून सांगतो, म्हणून सांगतोय. दुसऱ्याला तो गुडघ्याच्या खाली आला, माझी टाच उचलली गेली आणि मी कुल्ह्यावर आपटलो. उठायला हात टेकवला, त्याने तोच हात मनगटाला धरून ओढून घेतला. मग तो आडवा माझ्या छातीवर आला. माझा उजवा हात त्याच्या दोन पायांच्या कैचीत, डावा त्याच्या काखेत. डु प्लेसी अडकला होता तसाच. मेव्हण्याचा एक हात मोकळा होता. त्या हाताच्या दोन बोटांनी तो माझ्या कपाळावर टिचक्या मारू लागला आणि मोठ्याने मोजू लागला. एक. दोन. तीन.

त्या टिचक्यांनी दुखत नव्हतं, आणि सगळी मेख तिथेच होती. कपाळावर काहीतरी टकटक होतंय म्हटल्यावर तुम्ही मान वळवताच, वळवायची नाही असं ठरवलं तरी. मान वळली की खांदा मोकळा पडतो, तो तिथे छाती सरकवून बसतो. आता श्वास वरच्यावर होतो, कारण त्याचं वजन फासळ्यांच्या खालच्या टोकावर आहे. मग तुम्ही कंबर उचलून उसळी मारता. अंगातली सगळी ताकद त्या एका उसळीत जाते. तो काय करतो? अर्धी वीत सरकतो. बस. मी चार उसळ्या मारल्या. पाचवीला पाय मॅटवरून घसरले आणि तोंडात लोखंडासारखी चव आली. सत्तेचाळीसपर्यंत त्याचं मोजणं ऐकू आलं. मी त्याच्या पोटरीवर हात आपटला, म्हणजे हार मानली. पकड कसली नव्हती, गळा नाही, हात पिरगळलेला नाही. मी नुसत्या वजनाला टॅप केलं.

बायको म्हणाली, ‘दोन मिनिटं बारा सेकंद.’

तो उठून पाणी प्यायला. धड धापही लागली नव्हती त्याला. म्हणाला, ‘दाजी, तुम्ही दम बॅटरीसारखा मोजता. याची इतकी, त्याची तितकी. खाली असतो त्याची दुप्पट जळते आणि वरचा त्यावर आराम करतो. चिमाएव दमला नाही कारण त्याला दमायला कुणी लावलंच नाही. उस्मानने लावलं होतं, तो परत परत उभा राहिला म्हणून.’

मला हे मान्य करायला आठ-दहा दिवस लागले. पण बरोबर आहे. मिडलवेटच्या कुठल्याही लढतीचं भाकीत करताना ‘याचा दम चांगला’ हे वाक्य एकट्याने काही कामाचं नाही. वर कोण राहणार हे आधी ठरवा, मग दमाचं बोला. टेकडाऊन, म्हणजे पाडायचे प्रयत्न, किती टक्के अडवतो हा आकडा लोक तोंडावर फेकतात, तोही तसलाच. पाडल्यानंतर पुढच्या पाच-सात सेकंदांत माणूस काय करतो ते बघा. जाळीपर्यंत सरकून पाठ टेकवून उभा राहतो, की पाठीवर पडून विचार करतो?

आता सिल्वा. इथे मेव्हणा चुकतो, आणि हे तो वाचणार आहे म्हणून नीट लिहितो.

त्याचं म्हणणं, पाठीवर पडलेला माणूस हरतच असतो. अरे, सिल्वाची अर्धी कारकीर्द याच्या उलट आहे. 2007 मध्ये ट्रॅव्हिस लटरने त्याला पाडलं, छातीवर बसला, आणि दुसऱ्या राउंडात सिल्वाच्या ट्रँगलमध्ये (पायांनी मान आणि एक हात आवळायची पकड) डोकं अडकवून कोपरं खात हरला. 2008 मध्ये डॅन हेंडरसनने, जो ऑलिंपिक खेळलेला पैलवान, पहिला राउंड पाडूनच घेतला; दुसऱ्यात सिल्वाने मागून गळा आवळला. आणि ऑगस्ट 2010, चेल सॉनेन. चार राउंड सॉनेनने त्याला मॅटवर दाबून ठेवला, वरून शेकडो ठोसे. पाचव्यातही तेच चालू होतं. सिल्वाने खालून एक मनगट धरलं, पाय खांद्यावरून वर घेतला, ट्रँगल, आर्मबार (हात कोपरात उलटा ताणायची पकड), टॅप. सॉनेनचं टेस्टोस्टेरॉन नंतर चाचणीत जास्त निघालं आणि त्याचं निलंबन झालं हेही सांगायला हवं. आणि एकाचंच सांगणं बरं नाही, 2015 मध्ये सिल्वाही चाचणीत सापडला, अर्थात तोवर त्याचा भर ओसरला होता.

तेव्हा पाठीवर पडलेला सिल्वा म्हणजे हरलेला सिल्वा नव्हे. त्याचा जिउ-जित्सूचा, म्हणजे जमिनीवरच्या पकडींचा, ब्लॅक बेल्ट शोभेचा नव्हता.

मग तरीही मी चिमाएव का म्हणतो? कारण सॉनेन वर राहायचा तो सिल्वाच्या दोन पायांच्या मध्ये. तिथे बसून ठोसे मारायचा. ट्रँगल नेमकी तिथेच लागते, एक हात आत, एक हात बाहेर. सॉनेन त्याआधीच्या वर्षी डेमियन मायाच्या ट्रँगलमध्येही सापडला होता, त्याची ती जुनी खोड होती. चिमाएव पायांच्या मध्ये थांबतच नाही. तो लगेच बाजूला येतो, नाहीतर पाठीवर चढतो. 2024 मध्ये रॉबर्ट व्हिटेकरसारखा पाडायला अवघड माणूस, आणि पहिल्याच राउंडात त्याचा जबडा असा आवळला की दात जागचे हलले. सिल्वाचे पाय लांब, पण ज्याचं धड पायांच्या टप्प्यात येतच नाही त्याला लांब पायांनी काय करणार?

सिल्वाचा पट्टा घेणाऱ्या क्रिस वाइडमनची लढतही बघा. 2013 म्हटलं की सगळ्यांना हात खाली सोडून नाचणारा सिल्वा आणि तो लेफ्ट हूक आठवतो. त्याआधीच्या राउंडात वाइडमनने त्याला पाडलं होतं आणि पायाच्या पकडीही शोधत होता, हे कुणी बोलत नाही. माझा अंदाज, तो नाच त्यातूनच आला. पुन्हा खाली जायचं नव्हतं म्हणून समोरच्याला चिडवून उभ्याने मारायला लावायचं. पण तेव्हा तो 38 वर्षांचा होता, त्यामुळे ‘ऐन भरातला’ या तुमच्या अटीत ते बसत नाही.

सिल्वाची संधी पहिल्या दीड-दोन मिनिटांत. चिमाएव लांबून, डोकं खाली घालून पट काढायला येतो. त्या वेळी अंगाला तेल लावल्यासारखा निसटणारा, सरळ येणाऱ्याला मागे सरकत टिपणारा सिल्वा समोर असेल. त्याने फॉरेस्ट ग्रिफिनला मागे जाता जाता एका जॅबने (सरळ ठोशाने) झोपवला होता, तेही वरच्या वजनगटात जाऊन. असा एखादा ठोसा किंवा गुडघा बसला तर माझं सगळं उत्तर कचऱ्यात. दुसरी संधी पाचव्या राउंडात, वरचा माणूस निवांत झाल्यावर. दहा वेळा लावलीत तर तीन वेळा सिल्वा. तीनहून जास्त मी देणार नाही, आणि मी सिल्वाचा भक्त आहे.

आणखी एक. लढत तीन राउंडांची असेल तर सिल्वाचे तीनही राहत नाहीत. आणि हे सगळं 84 किलोच्या मर्यादेला, दोघेही वजन नीट उतरवून आले तर. चिमाएवने खालच्या गटात एकदा वजन चुकवून मुख्य लढत घालवली होती, मिडलवेटला त्याला ते सोपं जातं. माझं भाकितांचं रेकॉर्ड काय आहे ते तुम्ही वर वाचलंच.

मेव्हण्याला मी सॉनेनची ती लढत आतापर्यंत तीनदा लावून दिली. तिन्ही वेळा चौथ्या राउंडची घंटा झाली की तो उठतो, म्हणतो, ‘झालं की दाजी, चारही राउंड त्याचे, आता काय बघायचं.’ टॅप पाचव्या राउंडात आहे, 3 मिनिटं 10 सेकंदांवर.