मोठ्या रॅपरच्या आधी वीस मिनिटं मिळतायत, पैसे काहीच नाहीत. जावं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नाशिकची तिघं पोरं, मराठी रॅप करता, पुढच्या महिन्यात एका नावाजलेल्या रॅपरच्या आधी वीस मिनिटं मिळाली आहेत, मानधन शून्य, आणि घरचे म्हणतायत फुकट कशाला मरायला जाता.

मी येरवड्याचा. आमचा चौघांचा ग्रुप होता: दोन एमसी म्हणजे रॅप म्हणणारे, एक बीट बनवणारा, एक तोंडाने ताल वाजवणारा बीटबॉक्सर. २०१८-१९ मध्ये आम्ही मोठ्या नावांच्या आधी सात वेळा स्टेजवर चढलो. त्या कलाकारांची आणि आयोजकांची नावं घेत नाही, आमचंही घेत नाही, म्हणजे मोकळेपणी लिहिता येईल.

जा. पण का जाताय ते तिघांनी आधी एकत्र बसून बोलून घ्या. आम्ही बोललो नव्हतो.

माझे मामा भीमगीतं गायचे. १४ एप्रिलच्या कार्यक्रमात नवख्या गायकाला पहिला बसवतात. लोक अजून घरी जेवत असतात, सतरंज्या अर्ध्या रिकाम्या, पोरं माइकसमोरून पळतायत, ढोलकीवाला अजून ढोलकी चढवतोय. मामांनी अशी कित्येक वर्षं पहिली दोन गाणी गायली आणि मग खाली उतरून मोठ्या गायकाला पहाटेपर्यंत कोरसमध्ये साथ दिली. मी लहानपणी हे शेजारी बसून पाहिलंय. तरी आमचा पहिला मोठा शो ठरला तेव्हा मला ते अजिबात आठवलं नाही. मला वाटलं, हजारो लोक असतील आणि ते आम्हाला ऐकतील.

तो शो २०१८ चा, पुण्याबाहेरच्या एका मैदानावर. मुख्य कलाकार हिंदी-पंजाबी गाण्यांचा, तेव्हा प्रत्येक लग्नात त्याचंच गाणं वाजायचं. आम्हाला सातला पंचवीस मिनिटं दिली होती. आम्ही दुपारी दोनला पोचलो, कारण साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी, चारला होता.

साउंडचेक उलट्या क्रमाने होतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ज्याला शेवटी गायचंय त्याचा आधी, मग मधल्यांचा, आणि जो पहिला गाणार त्याचा सगळ्यात शेवटी, म्हणजे त्याची मांडणी तशीच ठेवून कार्यक्रम सुरू करता येतो. यात वाईट काही नाही, पण मुख्य कलाकार उशिरा आला की सगळा उशीर तुमच्या वाट्याला येतो. त्याची मंडळी पावणेसहाला आली. त्यांचं होईपर्यंत गेट उघडलं आणि लोक आत आले. आम्हाला साउंडवाल्याने खालून हात करून विचारलं, "माइक चालू आहे ना?" तेवढाच आमचा साउंडचेक.

मग आमची वेळ कापली. यामागेही कारण आहे आणि तुम्ही ते समजून घ्याच. उघड्यावरच्या कार्यक्रमात रात्री १० नंतर लाउडस्पीकर लावता येत नाही, ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम तसे आहेत. सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देतं, ते दिवस बहुतेक सणावारांनाच जातात. म्हणजे शेवटची वेळ पक्की असते. मुख्य कलाकाराची नव्वद मिनिटं करारात लिहिलेली असतात, तीही पक्की. मधे ताणता किंवा आवळता येईल असं एकच काही उरतं, ते म्हणजे तुम्ही. आम्ही सातच्या ऐवजी आठला दहा मिनिटं कमी असताना चढलो आणि बारा मिनिटांत उतरलो. चौथ्या गाण्याच्या मधेच ट्रॅक बंद झाला. माझी ओळ अर्धी होती. मी ती बीटशिवाय पूर्ण केली, तेवढ्यात माइकही गेला.

समोरची गर्दी पहिल्या गाण्यापासून त्या गायकाच्या नावाने ओरडत होती. खोटं सांगत नाही, पोटात गोळा येतो. शिव्या दिल्या असत्या तर त्याचं काही वाटलं नसतं, गल्लीत रॅपची बॅटल, म्हणजे समोरासमोर टोमण्यांची जुगलबंदी, करून आलेली पोरं आम्ही. पण ते आमच्या आरपार पाहत होते. जणू स्टेजवर कोणी उभंच नाही.

आणि तरीही त्याच बारा मिनिटांतली एक गोष्ट मी आजही जपून ठेवलीय. स्टेजच्या उजव्या कडेला केबल ओढणारी दोन पोरं उभी होती. आमच्या दुसऱ्या गाण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या भिंतीलगत राहणाऱ्या माणसांबद्दल एक ओळ होती. ती ऐकून त्यातला एक काम सोडून थांबला. आम्ही उतरलो तेव्हा त्याने मला गाठलं आणि म्हणाला, "दादा, ती येरवड्याची ओळ परत म्हणा ना." मागे जनरेटर चालू होता, त्या आवाजात मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन सबंध कडवं म्हटलं. त्याने डोळे मिटून ऐकलं. त्याची बहीण तिथे होती, असं तो म्हणाला. पुढे मी काही विचारलं नाही.

त्या रात्री आम्हाला प्रवासाचे तीन हजार मिळाले. सामानासह जाण्यायेण्याच्या गाडीलाच सव्वीसशे लागले. चौघांत चारशे रुपये उरले, त्याची अंडाभुर्जी खाल्ली.

फेब्रुवारी २०१९ मध्ये गल्लीतल्या रॅपरवरचा सिनेमा 'गली बॉय' आला आणि एका महिन्यात फोन वाढले. सगळ्यांना गल्लीतली पोरं हवी होती. पण गल्ली हिंदीत हवी होती. एका आयोजकाने स्पष्ट सांगितलं, मराठीचं एकच गाणं ठेवा, बाकी लोकांना समजत नाही. कार्यक्रम मुंबईत होता! आमच्यात यावरून पहिलं भांडण झालं. दुसरा एमसी म्हणाला, दोन हिंदी घेऊ, दार तर उघडेल. मी नाही म्हणालो. मुंबईच्या 'स्वदेशी' या रॅप ग्रुपची मंडळी तोवर मराठी, गुजराती, बंगाली, हिंदी एकाच स्टेजवर म्हणत होती आणि लोक ऐकत होते, हे मी त्याला पुन्हापुन्हा सांगत राहिलो. शेवटी आम्ही एक हिंदी, तीन मराठी केली.

त्या रात्री आमच्या बीटवाल्याने जे केलं ते तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून सांगतो. त्याने मामांच्या शेजाऱ्याची हलगी मोबाइलवर रेकॉर्ड करून सेटच्या सुरुवातीला टाकली होती. पहिली वीस सेकंदं फक्त हलगी, ना बेस, ना कोणाचा आवाज. भाषा न कळणाऱ्यांच्याही माना वर झाल्या. अनोळखी गर्दीला शब्द आधी पोचतच नाहीत, अंग आधी ऐकतं. तुमचं सगळ्यात खोल गाणं पहिलं म्हणू नका, ते तिसरं ठेवा.

आणि त्याच रात्री मुख्य कलाकार, आमच्याहून सात-आठ वर्षांनी मोठा असलेला मुंबईचा एक रॅपर, आमचा सबंध सेट विंगेत उभा राहून ऐकत होता. नंतर स्वतःच्या कार्यक्रमाच्या मधे त्याने आम्हाला परत बोलावलं, त्याच्या बीटवर एकेक कडवं म्हणायला लावलं आणि ग्रुपचं नाव तीनदा घेतलं. दोन तासांपूर्वी ज्यांनी आम्हाला पाहिलंही नव्हतं, तेच लोक हात वर करून होते. आम्ही तेच होतो, कडवीही तीच. ज्याच्यासाठी ते आले होते त्याने बोट दाखवलं, एवढाच फरक. मला त्याचा आनंद झाला आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं, दोन्ही एकदम. अजूनही ते वेगळं करता येत नाही.

दहा दिवसांनी त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ आला. साडेतीन मिनिटांत आमची एकही चौकट नव्हती. आणि पुढच्या महिन्यात आमच्या दुसऱ्या एमसीला फोन आला: तू एकटा ये, बाकीचे नकोत.

तो रात्री एकला माझ्या घरी आला. पायरीवर बसून आम्ही चहाशिवाय दोन तास बोललो. मी त्याला जा म्हणालो. मनापासून म्हणालो, पण घरात आल्यावर झोपलो नाही. याचसाठी म्हणतो की आधी बोलून घ्या. मोठं स्टेज तिघांना एकत्र वर नेईलच असं नसतं. एकाला हात मिळाला तर बाकीचे काय करणार, गाणी कोणाची, बीट कोणाचे, नाव कोण वापरणार, हे शांतपणे कागदावर लिहून तिघांनी सह्या करा. गाणी आयपीआरएसमध्ये, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेत, प्रत्येकाच्या वाट्यासह नोंदवा. आमच्या चार गाण्यांवर आजही नेमका कोणाचा किती हक्क ते कुठेच लिहिलेलं नाही, आणि त्यामुळे आम्ही ती म्हणायचंच सोडून दिलंय.

फुकट जाण्याबद्दल. मानधन नसेल तर दुसरं काहीतरी लेखी मागा. प्रवास आणि जेवण तर हवंच. पोस्टरवर नाव, किती मोठ्या अक्षरात तेही. तुमच्या सेटचं पूर्ण चित्रीकरण, न कापता. तुमच्या माणसांसाठी दहा पास. हे पास मला मानधनाइतकेच महत्त्वाचे वाटतात. पहिल्या रांगेत तुमच्या ओळी येणारी दहा माणसं असली की मागच्या शंभरांना धीर येतो. ट्रॅक दोन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर न्या, सगळ्या ट्रॅकचा आवाज सारखा करून, मुख्य गायन काढून. माइकच्या जाळीवर मूठ आवळू नका, व्हिडिओत कितीही भारी दिसलं तरी. माइक मागचा आवाज टाळायचं काम करू शकत नाही आणि शिट्टी मारतो, मग लोकांना वाटतं पोरांना जमत नाही. आणि वीस मिनिटं सांगितली असतील तर बारा मिनिटांचा सेटही घरून बसवून न्या, कुठलं गाणं गाळायचं ते स्टेजवर ठरवायला लागू नये.

हे सगळं फक्त आपल्याच नशिबी येतं असं समजू नका. १९८५ मध्ये पॉप गायिका मडोनाच्या पहिल्या दौऱ्यात न्यूयॉर्कचा रॅप ग्रुप बीस्टी बॉइज सुरुवातीला असायचा. तिच्यासाठी आलेल्या लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. १९८७ मध्ये त्यांचा अल्बम अमेरिकेच्या यादीत पहिल्या नंबरवर गेला, त्याआधी रॅपचा कुठलाच अल्बम तिथे पोचला नव्हता. आणि त्याच वर्षी त्यांनी आपल्या दौऱ्यात सुरुवातीला पब्लिक एनिमी या रॅप ग्रुपला घेतलं, ज्यांचा पहिलाच अल्बम तेव्हा आला होता.

आमचा तो दुसरा एमसी आता स्वतःच्या नावावर तिकीट विकतो. २०२३ मध्ये त्याचा पुण्यात कार्यक्रम होता. चार वर्षांत आमचं फारसं बोलणं नव्हतं. त्याने फोन केला, म्हणाला, माझ्या आधी तुम्ही तिघांनी करा. मी आठवडाभर उत्तर दिलं नाही. मग बीटवाला म्हणाला, मामा दोन गाणी गाऊन कोरसला बसायचेच ना.

आम्ही चारला पोचलो. स्टेज रिकामं होतं. त्याची मंडळी बाहेर वडापाव खात बसली होती. साउंडवाल्याने आम्हाला वर बोलावलं, मॉनिटरमध्ये, म्हणजे आपलं आपल्याला ऐकू यायच्या स्पीकरमध्ये, काय हवंय, बीट किती, आवाज किती, सगळं विचारलं. चाळीस मिनिटं आम्ही एकेक गाणं पूर्ण वाजवून पाहिलं. मी विचारलं, तुमच्या कलाकाराचं राहिलंय ना? तो म्हणाला, त्यांनी सकाळीच येऊन उरकलं. चारनंतरचं सगळं तुम्हाला द्यायचं असं सांगून गेलेत.