वडिलांना ब्रेन हॅमरेज झालं, आता बोलत नाहीत आणि व्यायामही नको म्हणतात. ते पूर्वीसारखे कधी होतील?

तुम्ही लिहिलंय की बाबांना दवाखान्यातून घरी आणलंय, उजवा हात-पाय चालत नाही, तोंडातून एखाद-दुसराच शब्द निघतो, फिजिओथेरपिस्ट आला की मान फिरवतात आणि मधेच रडू लागतात. मी त्यांच्या जागी होतो. माझ्याही मेंदूच्या डाव्या भागात रक्तस्राव झाला होता, वाढलेल्या बीपीमुळे. नागपूरच्या इतवारीत आमचं धान्याचं दुकान आहे. तिथे गल्ल्यावर बसल्या बसल्या उजवा हात लुळा पडला आणि गिऱ्हाइकाशी बोलताना जीभ वळेना. औषधांचं डॉक्टर सांगतीलच, मी पलंगावरच्या माणसाच्या बाजूने लिहितो.

सगळ्यात आधी हे, की बाबांना समजतंय असं धरूनच वागा. डाव्या बाजूच्या रक्तस्रावात बोलणं जातं, पण बऱ्याच जणांची समज बोलण्यापेक्षा पुष्कळ शाबूत असते. काहींची समजही कमी होते. ते स्पीच थेरपिस्ट तपासून सांगतील. मला भेटायला आलेले नातेवाईक माझ्या डोक्यावरून बायकोला विचारायचे, "यायले काही समजते का?" मला प्रत्येक शब्द कळत होता. उत्तर देता येत नव्हतं, आणि त्याचा जो संताप यायचा तो मी ताटावर काढायचो. बाबांच्या चिडण्यात हे किती आहे ते बघा. त्यांच्या औषधांचं, पैशांचं, दुकानाचं किंवा नोकरीचं जे काही ठरवायचं असेल ते त्यांच्यासमोर बसून, त्यांच्याकडे बघत बोला.

शब्द कसे अडतात ते सांगतो. मला चहा हवा असायचा, कप डोळ्यांसमोर दिसायचा, आणि तोंडातून "चावी" निघायचं. चुकलं हे त्याच क्षणी कळायचं. पुन्हा प्रयत्न केला की पुन्हा "चावी". अशा वेळी घरचे चार जण चार शब्द सुचवू लागले की हाताशी आलेला शब्दही निसटतो. म्हणून थांबा. टीव्ही बंद करा, एका वेळी एकानेच बोला, आणि "चहा हवा की पाणी?" असं दोन्ही वस्तू दाखवून विचारा. होय-नाही मानेने सांगता आलं तरी पुष्कळ आहे.

माझ्या स्पीच थेरपिस्टने पुस्तकातली चित्रं बाजूला ठेवली आणि बायकोला वाटीवाटीत डाळी आणायला सांगितल्या. वाटी पुढे करायची, मी दाणे हातात घ्यायचे, नाव घ्यायचं. "तूर" हा माझा पहिला धड शब्द, बायकोच्या नावाच्याही आधीचा. जन्मभर तोंडात असलेले शब्द लवकर सापडतात. तसंच एक ते दहा आकडे, वारांची नावं, रोजची आरती हे सलग म्हणता येतं का बघा. मला पाणी मागता येत नव्हतं तेव्हा आरतीच्या ओळी चालीसकट येत होत्या. गाण्याच्या कामात मेंदूचा उजवा भागही असतो, म्हणून असं होतं. त्यावर आधारलेली उपचाराची पद्धतही आहे, थेरपिस्टना जरूर विचारा.

आता व्यायाम नको म्हणण्याबद्दल. मेंदूच्या आजारानंतरचा थकवा हा कामाने येतो तसा थकवा नव्हे. दात घासून झाले की अंधारी आल्यासारखं व्हायचं. त्यातच दहा पाहुणे येऊन बसले की संध्याकाळी पाय उचलायला मनच तयार व्हायचं नाही. "आळस करू नका" असं कृपा करून म्हणू नका. नागपूरच्या उन्हाळ्यात तर दुपारी काही करवून घेऊच नका. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. सकाळी लवकर, झोप झालेली असताना, थोडा थोडा व्यायाम दिवसातून अनेकदा विभागून घ्या. भेटणाऱ्यांना वेळ ठरवून द्या. वाईट वाटलं तर वाटू द्या.

पाण्याचं जपून. गिळण्यावर परिणाम झाला असेल तर पातळ पाणीच सगळ्यात अवघड जातं, ठसका लागून ते फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. गिळण्याची तपासणी झाली नसेल तर आधी करून घ्या. किती दाट द्यायचं ते तपासणी करणारेच सांगतील. भरवताना सरळ बसवा.

उजवा हात धरून किंवा काखेत हात घालून त्यांना कधीही ओढून उठवू नका. स्नायू सैल पडल्याने खांदा सांध्यातून उतरतो आणि मग महिनोन्‌महिने ठणकतो. बसताना त्या हाताखाली उशी द्या. आंघोळीचं पाणी डाव्या हाताने बघायला लावा, कारण उजव्या हाताला चटका कळेलच असं नाही.

रडण्याचं म्हणाल तर दोन गोष्टी असतात. कधी मनात काही नसताना रडू फुटतं, ते मेंदूला झालेल्या इजेमुळे. पण खाणं, झोप, सगळ्यातलं लक्षच उडालं असेल तर ते नैराश्य असू शकतं. ते या आजारानंतर खूप जणांना येतं आणि औषधाने बरं होतं. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "होईल ठीक" म्हणून दाबून ठेवू नका.

कधी बरे होतील? सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त असतो, सहा महिन्यांपर्यंत चांगला असतो, पुढे मंदावतो. थांबत मात्र नाही, बोलणं तर काही वर्षांनंतरही सुधारतं. मी आज चालतो, दुकानात बसतो, बोलतो. उजव्या हाताची बोटं अजून आखडलेली आहेत, हे उत्तर डाव्या हाताने टाईप केलंय. पूर्वीसारखा झालो असं मी म्हणणार नाही, पण माझा दिवस माझ्या ताब्यात आहे.

एक धोका ठळकपणे सांगतो. कुणीतरी सांगेल, "माझ्या भावाला लकवा झाला तेव्हा रक्त पातळ करायची गोळी दिली, तुम्हीही द्या." लकवा बहुतेकांना गुठळीमुळे होतो, बाबांना रक्त वाहिल्यामुळे झालाय. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, उपचार उलटे. अशी गोळी किंवा दुखण्याची गोळीसुद्धा विचारल्याशिवाय देऊ नका. कबुतराचं रक्त चोळायला सांगणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा. बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे लोणचं, पापड आणि सावजीची तर्री आता लांबच.

2016 च्या दिव्यांग कायद्यात मेंदूच्या इजेमुळे गेलेली वाचाही धरलेली आहे, तेव्हा पुढे अपंगत्व राहिलं तर प्रमाणपत्राची चौकशी जरूर करा. आणि चेहरा वाकडा होणं, नव्याने हात-पाय गळणं, अचानक भयंकर डोकेदुखी, फिट येणं, यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता 108 लावा.

बाबा काय काम करायचे ते तुम्ही लिहिलं नाही. कळवलंत तर कोणत्या शब्दांपासून सुरुवात करून बघता येईल ते मला सुचेल तसं लिहीन.