भिंत राहू द्या, आधी पत्रा बघा

(वाचक विचारतात. या वेळी उन्हाळी सुट्टीतल्या बालशिबिरांबद्दलची पत्रं घेतली आहेत. उत्तरं देणाऱ्या बाई जिल्हा परिषदेच्या निवृत्त शिक्षिका आहेत. शेवगाव तालुक्यातल्या आपल्या गावच्या चर्चमध्ये त्या २६ वर्षं सुट्टीतली शास्त्रशाळा (मुलांची बायबलची शाळा) घेत आल्या आहेत.)

प्रश्न : बाई, सलाम. आमच्या तरुण संघातले आम्ही १४ जण मे महिन्यात आठ दिवस नगर जिल्ह्यातल्या एका लहान मंडळीत (गावच्या चर्चच्या सभासदांत) सेवेसाठी जाणार आहोत. मुलांचं व्हीबीएस (व्हेकेशन बायबल स्कूल, म्हणजे सुट्टीतली शास्त्रशाळा), चर्चची रंगरंगोटी, जुन्या कपड्यांचं वाटप आणि जमलं तर आरोग्य तपासणी असा बेत आहे. अजून काय करता येईल? – तरुण संघाची सचिव, पुणे

उत्तर : सलाम, पोरी. अजून काय करायचं ते नंतर बघू. आधी यातलं काय गाळायचं ते सांगते. रागावू नकोस.

रंगरंगोटीपासून सुरू करू. आमचं चर्च दगडी आहे, आतून चुन्याचा गिलावा, वर पत्रे. २६ उन्हाळ्यांत शहरातले पाहुणे आमच्याकडे नऊ वेळा आले आणि त्यातल्या पाच वेळा त्यांनी भिंती रंगवल्या. एकदा आकाशी, पुढच्या वर्षी दुसऱ्यांनी पिवळ्या, मग कोणीतरी ऑइलपेंट आणला. चुन्याच्या भिंतीवर ऑइलपेंट बसला की आतली ओल बाहेर पडत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात हाताएवढे पोपडे सुटले, उपासनेच्या वेळी ते खाली पडायचे आणि लहान पोरं गोळा करायची. पुलपिटाच्या (प्रवचनाच्या व्यासपीठाच्या) वरचा पत्रा मात्र पाचही वर्षं गळतच राहिला. पत्रा बदलताना फोटो चांगला येत नाही ना! शेवटी आमच्या महिला मंडळानं भिशी फोडून तो बदलला. तेव्हा रंगाला ठेवलेले पैसे बाजूला काढा आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना विचारा, काय मोडलंय? पत्रा निघेल, हातपंप निघेल, संडासाचं दार निघेल.

आता १४ जण. आमच्याकडे मे महिन्यात नळ चौथ्या दिवशी येतो, कधी पाचव्या. तुम्ही माणशी दोनच बादल्या वापरल्या तरी रोजच्या २८ झाल्या. त्या कोण भरणार? ज्यांच्या घरी उतरणार त्या बायका. तुम्हाला त्या बोलणार नाहीत, पाहुण्यांना कोण बोलतं! सहा जण या. बाकीच्या आठांनी पुण्यात बसून चित्रं, तक्ते, गोष्टींचे पुठ्ठे करून द्यावेत. आणि खास गाडी ठरवू नका, एसटीनं या. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मुली जास्त आल्या तर तुमचाच खर्च वाचेल. पाळकीणबाईंना (चर्चच्या पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या पत्नीला) फोन केलास की पहिलं लग्नांच्या तारखा विचार. मंडळीची मोठी पातेली आणि सतरंज्या लग्नाला जातात, आणि अंगणात मांडव पडतो. एका वर्षी आम्ही दावीदानं गोफणीनं पाडलेल्या धिप्पाड गोल्याथाची गोष्ट नवरदेवाच्या बँडच्या शेजारी सांगितली आहे. गोल्याथ पडला तेव्हा ताशा वाजत होता, ते एक बरं झालं.

कपडेवाटप पूर्ण गाळ. कारण सांगते. एका वर्षी गाठोडी आली, वाटप झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी एक मुलगी त्यातला फ्रॉक घालून आली. पाहुण्यांबरोबर आलेली त्यांच्यातलीच एक छोटी म्हणाली, “हा माझा होता.” वाईट मनात काही नव्हतं तिच्या. पण आमची ती मुलगी उरलेले चार दिवस आली नाही.

तपासणीचंही तसंच. एकदा मुलांचे डोळे तपासले, चष्म्याचे नंबर कागदावर लिहून दिले आणि गाडी निघून गेली. ते कागद अजून कोणाकोणाच्या डब्यात असतील. करायचंच असेल तर गावच्या आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला आधी भेटा. कोणत्या मुलांना काय हवंय ते त्यांना ठाऊक असतं आणि तुम्ही गेल्यावरही त्या असतात.

राहिली मुलांची शाळा. खरं काम तेच, आणि ते नीट झालं तर बाकी काही न करता परत गेलात तरी चालेल.

आमच्या भागातली पुष्कळ घरं ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली टोळी निघते, नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे एक जोडी धरतात. गाळप संपलं की गुढीपाडव्याच्या आसपास परततात. काही पोरं आजीपाशी राहतात, काही कोपीवर (फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत) आईबापाबरोबर जातात. चार-पाच महिने शाळेत नाव असतं, पोर नसतं. मेमध्ये मात्र सगळी गावात असतात आणि शाळेला कुलूप असतं. म्हणून आमच्यासाठी मे महिना सोन्याचा. या शाळेची सुरुवात अमेरिकेत झाली ती अशाच कारणानं. १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये एलायझा हॉज नावाच्या बाईंनी सुट्टीत रस्त्यावर हुंदडणाऱ्या पोरांसाठी वर्ग भरवला, आणि दुसरी जागा मिळेना म्हणून चक्क बिअरचं दुकान भाड्यानं घेतलं. आपल्याकडे निदान लिंबाचं झाड आहे.

तर चौथीतला एखादा मुलगा तुमच्यापुढे बसेल आणि त्याला जोडाक्षरं येत नसतील. त्याला छापील कोडी देऊ नका. (मागे एका गटानं इंग्रजीतली कोडी आणली होती. पोरांनी त्यांची विमानं केली. मीही एक केलं.) बायबलातलं वचन पाठ करून घेण्याआधी ते पाटीवर लिहून घ्या, बोट ठेवून वाचून घ्या. “परमेश्वर माझा मेंढपाळ आहे” या चार शब्दांत काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर सगळं आहे. दोन दिवस त्या चारच शब्दांवर काढले तरी हरकत नाही. मेंढपाळ म्हणजे काय ते पोरांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं, त्यांच्या शिवारात धनगराचा वाडा बसतो. त्यांनाच सांगायला लावा.

वेळ सकाळी सात ते दहा. दहाला संपवायचंच. अकरानंतर आमचा पत्रा म्हणजे तवा. खाऊला बिस्किटांपेक्षा गूळ-शेंगदाणे, कैरीचं पन्हं, नाहीतर ताक. एखादं पोर मलूल झालं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चमचा चहाचा) घालून घोटघोट पाजा. अंग तापून कोरडं पडलं किंवा मूल असंबद्ध बोलू लागलं तर मात्र पाजत बसू नका, सावलीत घ्या, ओल्या फडक्यानं अंग पुसत सरळ दवाखाना गाठा.

अजून एक. प्रत्येक मंडळीत रविवारची शाळा घेणाऱ्या एकदोन मुली असतात, अकरावी-बारावीतल्या. तुम्ही आलात की त्या आपोआप मागे सरकतात, चहाच्या कपबशा धुवायला लागतात. त्यांना पुढे उभं कर. गोष्ट त्यांनी सांगायची, तक्ता तू धरायचा. जूनमध्ये पोरं त्यांच्यासमोर बसणार आहेत, तुझ्यासमोर नाही. पुठ्ठे, कात्र्या, रंग जाताना त्यांच्या ताब्यात देऊन जा. आणि डिसेंबरात नाताळची तयारी चालू असेल तेव्हा एकदा फोन कर.

प्रश्न : आमच्या गावी मंडळीची घरं अठराच आहेत, पण शिबिराला पन्नासच्या वर मुलं येतात. निम्म्याहून जास्त शेजारपाजारची, ख्रिस्ती नसलेली. यंदा पारावर धर्मांतराची कुजबुज ऐकू आली. पाळकसाहेब म्हणतात, बाहेरची मुलं घेऊच नका. काहीजण म्हणतात, ‘व्यक्तिमत्त्व विकास शिबिर’ असं नाव द्या म्हणजे प्रश्न मिटेल. – एक सेविका, पाथर्डी तालुका

उत्तर : ताई, नाव बदलू नका. दोन्ही सल्ल्यांत हा मला जास्त वाईट वाटतो. लपवून ठेवलं की लोकांना लपवण्यासारखं काही आहे असंच वाटतं, आणि त्यांचं काय चुकलं?

आमच्याकडे मी एक साधी चिठ्ठी देते. वहीचं अर्धं पान. “आमच्या चर्चमध्ये सुट्टीची शाळा आहे. येशूच्या व बायबलातल्या गोष्टी, गाणी, वाचन-लेखन, खेळ. सात ते दहा. पाठवायचं असेल तर सही करा.” सही नसेल तर मूल घेत नाही, कितीही रडलं तरी. अंगठा चालतो. सरपंच आणि पोलीस पाटलांना मी स्वतः जाऊन सांगते, निरोप पाठवत नाही. दारं-खिडक्या उघड्या. कोणाची आजी मागे येऊन बसली तर तिला चटई. खाऊ सगळ्यांना सारखा. वचन म्हटलं म्हणून जास्त नाही, नाही म्हटलं म्हणून कमी नाही. आणि लहान मुलांशी बाप्तिस्म्याचा विषय कोणीही काढायचा नाही, पाहुण्यांनी तर नाहीच. एका वर्षी पाहुण्यांतल्या एकानं मुलांना येशूला स्वीकारल्याची खूण म्हणून डोळे मिटून हात वर करायला लावले. त्याला मी तिथेच थांबवलं. त्याला वाईट वाटलं. वाटू दे. ज्यांनी विश्वासानं पोर पाठवलं त्या आईला मला रोज तोंड दाखवायचंय.

गाण्यांचंही बघा. आमच्या शेजारच्या माळकरी आजी दर वर्षी येतात, त्या ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांच्या अभंगांसाठी. चाल ओळखीची, म्हणून टाळ घेऊनच येतात. टिळक स्वतःच सांगत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आजी पुलाच्या त्यांच्या बाजूला बसतात, मी माझ्या. पन्हं दोघी घेतो.

न विचारलेलं एक सांगते. मुलांजवळ एकटा मोठा माणूस कधीही नको, कायम दोघं, आणि संडासला नेताना तर नक्कीच. आमच्यातला असो, ओळखीचा असो, पाळकसाहेबांचा भाचा असो. २०१२ च्या पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या) कायद्याप्रमाणे मुलावरच्या अत्याचाराची माहिती असून पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे, “मंडळीत मिटवू” असं म्हणता येत नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुसू नका.

प्रश्न : मी मूळचा राहुरी तालुक्यातला, बरीच वर्षं न्यू जर्सीत आहे. माझ्या गावच्या चर्चच्या बालशिबिरासाठी दर वर्षी पैसे पाठवावेत असं मनात आहे. थेट पाळकांच्या खात्यावर पाठवू का? – एक वाचक

उत्तर : दादा, तुमचा पासपोर्ट कोणता ते आधी बघा, सगळं त्यावर आहे. भारतीय नागरिक असाल तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परदेशी धरत नाहीत. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं) असलं तरी, ती विदेशी देणगी होते आणि २०१० च्या एफसीआरए (विदेशी देणग्यांवरच्या) कायद्याखाली येते. मग नोंदणी किंवा आधी परवानगी असलेल्या संस्थेलाच ती घेता येते, तीही दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यात. गावच्या मंडळीकडे असलं काही नसतं. पाळकांच्या खात्यावर टाकलेत तर तुमच्या प्रेमापायी ते बिचारे अडचणीत येतील. दोन्ही बाबतींत मंडळीच्या हिशेबनिसांशी आणि एखाद्या सीएशी आधी बोला. आणि सुट्टीला गावी याल तेव्हा आठवडाभर सकाळी सातला चर्चमध्ये या. तुम्ही राहुरीच्या शाळेतून तिकडे कसे पोचलात ते पोरांना ऐकायचं असतं.

प्रश्न : बाई, मी सतरा वर्षांचा आहे. यंदा मला नऊ ते बाराच्या मुलांचा वर्ग दिला आहे. मागच्या वर्षी त्यांनी माझं काहीच ऐकलं नाही. एक मुलगा तर सारखा खिडकीतून बाहेर उडी मारायचा. काय करू? – श्रीरामपूर

उत्तर : बाळा, त्या वयाची मुलं बसून ऐकत नाहीत, मोठी माणसं तरी कुठे ऐकतात! गोष्ट वाचून दाखवू नकोस. आपल्याकडे कीर्तनात सांगतात तशी सांग, मध्ये थांबून पोरांकडून ओळ म्हणवून घे. दहा मिनिटांच्या वर एकही गोष्ट नको. जलप्रलयातल्या नोहाची असेल तर त्याचं तारू अंगणात चुन्यानं आखायला लाव. तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, पोरं स्वतःच्या हातानं मोजतात, अंगण संपतं, रस्त्यावर जातात, तिथे भांडण होतं की कोणाचा हात मोठा. होऊ दे. तास निघून जातो आणि गोष्ट जन्मभर लक्षात राहते.

खिडकीतून उडी मारणाऱ्याला चर्चची घंटा वाजवायचं काम दे. फक्त वेळ नीट सांग. आमच्याकडच्या अशाच एकानं पहिल्या दिवशी पहाटे पाचला वाजवली होती. कोणी गेलं की काय म्हणून अर्धी गल्ली चर्चपाशी जमा झाली.