भाषेची बाजू मेंदूच्या रचनेवरून कळते का?

प्रश्न : माझे सासरे डावखुरे आहेत. त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन डावा हात-पाय लुळा पडला, म्हणजे इजा मेंदूच्या उजव्या बाजूला झाली. तरीही त्यांना ओळखीच्या वस्तूंची नावे आठवत नाहीत. भाषेचे केंद्र डावीकडे असते, असे आम्ही शिकलो होतो. एमआरआयच्या फिल्मवरून त्यांची भाषा कोणत्या बाजूला आहे, हे आधी कळू शकले असते का?
– एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : साध्या एमआरआयवरून ते कळले नसते. इजा कोठे आहे हे त्या फिल्मवर दिसते. भाषेचे काम मेंदूचा कोणता अर्धगोल (डावा की उजवा अर्धा भाग) करत होता, हे दिसत नाही.

फ्रेंच शस्त्रवैद्य पॉल ब्रोका यांनी १८६१ पासून पॅरिसमध्ये वाचा गेलेल्या रुग्णांच्या मेंदूंची तपासणी केली आणि १८६५ मध्ये भाषेचा संबंध डाव्या अर्धगोलाशी जोडला. आपण शिकलात ते मूळचे हे. ते चुकीचे नाही, अपुरे आहे. डाव्या बाजूच्या या वर्चस्वाला रचनेचा आधार असला पाहिजे, असे पुढे अनेकांना वाटले आणि १९६८ मध्ये अमेरिकेतील संशोधक गेशविंड व लेवित्स्की यांना तो सापडल्यासारखे झाले. श्रवणाच्या प्राथमिक केंद्रामागे, खोल घडीत दडलेला ‘प्लॅनम टेम्पोरेल’ नावाचा भाग त्यांनी १०० मेंदूंमध्ये मोजला, तेव्हा ६५ मेंदूंत तो डावीकडे मोठा, ११ मेंदूंत उजवीकडे मोठा, तर २४ मेंदूंत दोन्हीकडे जवळजवळ सारखा निघाला.

हे आकडे शांतपणे पाहिले, तर अडचण त्यांच्यातच दिसते. उजव्या हाताने कामे करणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांची भाषा डावीकडे असते. मग ज्यांचा हा भाग दोन्हीकडे सारखा किंवा उजवीकडे मोठा आहे, त्यांच्यापैकीही बहुतेकांची भाषा डावीकडेच असणार. शिवाय हाच फरक गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांतील मेंदूत आढळतो, आणि १९९८ मध्ये तो चिंपांझींमध्येही दाखवला गेला, ज्यांच्याकडे आपल्यासारखी भाषा नाही. म्हणून रचनेतील हा फरक समूहाचा कल सांगतो. एका माणसाचा निकाल त्यावरून देता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील काळात मेंदूचे इतर भाग आणि त्यांना जोडणारे तंतूंचे जुडगेही तपासले गेले. काहींचा संबंध अधिक जवळचा वाटला, पण शस्त्रवैद्याने केवळ त्यावर विसंबावे इतका तो पक्का ठरलेला नाही.

त्यामुळेच मेंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी भाषेची बाजू ठरवायची असेल, तेव्हा प्रत्यक्ष काम तपासले जाते. मेंदूतज्ज्ञ जुन वाडा यांच्या चाचणीत, जिचे वर्णन त्यांनी १९४९ मध्ये केले, मानेतील रोहिणीवाटे औषध देऊन एक अर्धगोल काही मिनिटे बधिर करतात आणि रुग्णाला बोलते करतात. आता अनेक ठिकाणी ‘फंक्शनल एमआरआय’ वापरतात, ज्यात रुग्ण मनात शब्द जुळवत असताना कोठे रक्तप्रवाह वाढतो, ते पाहिले जाते.

आपल्या सासऱ्यांबाबत घडले ते विरळ नाही. जर्मनीतील ३२६ निरोगी व्यक्तींच्या, २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पक्क्या उजव्यांपैकी सुमारे ४ टक्के, तर पक्क्या डावखुऱ्यांपैकी सुमारे २७ टक्के लोकांची भाषा उजवीकडे आढळली. मात्र शब्द न सुचणे आणि जीभ-ओठांचे स्नायू दुबळे झाल्याने उच्चार अस्पष्ट होणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसरी अडचण भाषा डावीकडे असलेल्यांनाही उजव्या बाजूच्या इजेने होऊ शकते. आपल्या वर्णनावरून पहिली अडचण वाटते, पण निदान वाचा-उपचारतज्ज्ञांकडून (स्पीच थेरपिस्टकडून) करून घ्यावे आणि व्यायाम लवकर सुरू करावेत.

प्रश्न : माझा मुलगा डावखुरा आहे. आजी त्याला उजव्या हाताने लिहायला लावते. त्याने भाषेचे केंद्र डावीकडे सरकेल का?
– एक पालक, नाशिक

उत्तर : तसे मानायला आधार नाही, आणि वरील आकडे पाहता बहुतेक डावखुऱ्यांची भाषा मुळातच डावीकडे असते. लहानपणी हात बदलायला लावलेल्या प्रौढांच्या मेंदूत, उजव्या हाताने लिहीत असतानाही उजव्या अर्धगोलातील, म्हणजे डावा हात चालवणाऱ्या बाजूतील, हालचालींशी संबंधित भाग सक्रिय राहत असल्याचे दिसले आहे. मुलाला डाव्या हातानेच लिहू द्यावे आणि वहीची वरची कड किंचित उजवीकडे कललेली ठेवायला शिकवावे. त्याने मनगट वळवावे लागत नाही.